माया राहू द्या, मजुरी मोजा

थंडी पडू लागली की वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत गोधडीवर एक तरी लेख येतोच. लिहिणारा बहुधा पुरुष असतो आणि बहुधा शहरात राहत असतो. त्याला गावाकडची आजी आठवते, तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आठवते, त्या गोधडीत शिरून ऐकलेल्या गोष्टी आठवतात, आणि लेखाच्या शेवटी ‘मायेची ऊब’ हे शब्द येतात. असे पुष्कळ लेख मी वाचले आहेत. आजीला ती गोधडी शिवायला किती दिवस लागले, हे त्यांतल्या एकानेही लिहिलेलं नाही. ती शिवत असताना स्वयंपाक कोण करत होतं, तिची नजर कधी अधू झाली, गोधडी दुसऱ्याच्या घरची असेल तर तिच्या हातावर काय टेकवलं, हेही कुणी लिहिलेलं नाही.

मी शेगावात राहते. गोधड्या शिवते आणि विकते. दहावीपर्यंत शिकले आहे, त्यामुळे हिशोब येतो. तेव्हा हा लेख हिशोबाचा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं, की ‘माया’ या शब्दाच्या आड आमच्या कामाची किंमत शून्यावर आणून ठेवली आहे, आणि ती तिथे ठेवण्यात सरकार, बाजार, घरचे पुरुष आणि कधीकधी आपण बायाही सामील आहोत.

आधी थंडीतला दिवस कसा जातो ते सांगते. गोधड्या शिवायचे खरे दिवस उन्हाळ्याचे. शेतात काम नसतं, दिवस मोठा असतो, पापड-कुरड्या आटोपल्या की बाया ओसरीवर गोधडी अंथरतात. पण ती घरची गोधडी. विकतची गोधडी लोकांना आठवते ती दिवाळीनंतर, रात्री हुडहुडी भरायला लागली की. म्हणजे मागणी येते ती नेमकी आम्हाला सवड नसते त्या दिवसांत. दिवाळी ते संक्रांत कापसाची वेचणी असते, आणि वऱ्हाडात वेचणी हे बायांचंच काम आहे. पहाटे पाचला उठायचं, पऱ्हाट्या पेटवून आंघोळीचं पाणी तापवायचं, सगळ्यांचे डबे करायचे, आठच्या आत गाडीत बसायचं. फुटलेल्या बोंडाची टोकं वाळली की काट्यासारखी टोचतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असतात. मग स्वयंपाक, भांडी, सासूबाईंचं औषधपाणी. नऊच्या सुमारास दिव्याखाली गोधडी पसरते. त्याच भेगाळलेल्या बोटात अंगुस्तान घालायचं आणि त्याच बोटांनी चार पदरांतून सुई ओढायची. वीज गेली तर तेवढ्यापुरतं थांबायचं. वेचणी नसेल त्या दिवशी दुपारी अंगणात उन्हाला बसून शिवते. पण पौषातलं ऊन लवकर उतरतं, आणि तेवढ्यात कुणाला चहा लागतो, कुणाचा शर्ट सापडत नाही.

शिवण्याआधीचंही काम असतं. गिऱ्हाईक बोचकं बांधून जुने कपडे आणून टाकतं. ते धुवावे लागतात. आमच्या तालुक्याचा बराच भाग खारपाण पट्ट्यातला. बोअरच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, कपडा राठ होतो, म्हणून नळाला गोडं पाणी येईल त्या दिवसाची वाट पाहायची. मग शिवणी उसवायच्या, विरलेला भाग कापून टाकायचा, सुती वेगळं आणि नायलॉन वेगळं करायचं. आजकाल सुती लुगडी येतच नाहीत. येतात त्या पॉलिस्टरच्या साड्या. त्या हातातून निसटतात, टाका धरत नाहीत आणि ऊबही धरत नाहीत. तरी गोधडी उबदार झाली नाही तर बोल शिवणारीलाच.

आता हिशोब. मागच्या थंडीत मी घड्याळ समोर ठेवून एका साध्या गोधडीचं काम मुलीच्या जुन्या वहीत मांडलं. गोधडी सहा फूट लांब, चार फूट रुंद. ओळीओळींत पाऊण इंचाचं अंतर, म्हणजे रुंदीत ६४ ओळी. प्रत्येक ओळ सहा फुटांची, म्हणजे एकूण ३८४ फूट धावदोरा. इंचाला तीन टाके धरले तर १३,८२४ टाके. सुई ओवणं, दोरा संपला की गाठ मारणं, गोधडी सरकवून घेणं, हे सगळं धरून मिनिटाला आठ टाके पडतात. म्हणजे नुसत्या टाक्यांना सुमारे २९ तास लागले. धुणं, उसवणं, तुकडे जोडणं, अस्तर अंथरून कच्चे टाके घालणं आणि काठ दुमडणं याला ११ तास. एकूण ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच पूर्ण दिवस. मला दिवसाला अडीच तासच मिळतात, म्हणून मला त्या गोधडीला सोळा दिवस लागले.

त्या गोधडीचे मला ६०० रुपये मिळाले. दोऱ्याचे ८० वजा केले तर ५२०. तासाला १३ रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ सालचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने पाच दिवसांचे १,५६० झाले असते. माती खणणाऱ्या माणसाला सरकार जे किमान देतं त्याच्या एक तृतीयांश मला मिळालं, आणि वर गिऱ्हाइकाने ऐकवलं, ‘मावशी, जुन्याच कपड्यांची तर आहे.’

कपडे जुने होते, हात जुने नव्हते. पानिपतला काय होतं ते पाहा. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले कपडे तिथे गाठोड्यांनी येतात, गिरणीत त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांचं सूत होतं आणि त्याची ब्लँकेटं देशभर विकली जातात. त्याला उद्योग म्हणतात. ब्लँकेट विकणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की चिंध्यांचंच तर आहे, अर्ध्या किमतीत दे. तेच काम बाईने घरात, सुईने केलं की त्याला काटकसर म्हणायचं, फार तर कला म्हणायचं.

लांब कशाला जायचं? गादी-रजई भरणारे पिंजारी आपल्या गावागावांत होते आणि अजून आहेत. ते कापूस पिंजतात, गादी भरतात, टाके घालतात. त्यांची मजुरी वजनावर ठरते आणि लोक ती देतात, घासाघीस करून का होईना. शिंपी शर्टाची शिलाई सांगतो, तीही देतात. थंडी तीच, पांघरूणही तेच. पुरुषाने केलं की तो धंदा होतो, त्याचा भाव असतो, त्याला गिऱ्हाईक असतं. बाईने केलं की ती माया होते, आणि मायेचा भाव विचारणारी बाई लोभी ठरते. पिंजाऱ्याचे हाल नाहीत असं मी म्हणत नाही. त्याच्या कामाला निदान नाव आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणखी एक गोष्ट आपल्याच मुलखाची. कापसासाठी इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतलं. कापसासाठी १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला. इथल्या बायांनी वेचलेला कापूस गाठी बांधून समुद्रापार गेला. आणि इथल्या बायांच्या गोधडीत मात्र कापूस नसतो. असतात त्या विरलेल्या साड्या आणि फाटकी धोतरं. कापूस विकायचा असतो, पांघरायचा नसतो, हे आम्ही लहानपणीच शिकतो. गोधडी ही परंपरा आहे असं जे म्हणतात त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की ती आधी गरज होती. आणि ती गरज भागवण्याचं काम घरातल्या ज्या माणसाला रोज नव्हता त्याच्यावर टाकलं गेलं.

घरातली उबेची वाटणी कशी होते तेही बोललं पाहिजे, कारण माया घरातच राहते असं सांगतात. नवी गोधडी आली की ती आधी पाहुण्यांसाठी पेटीत जाते. मग नवऱ्याला, मग मुलाला. मुली दोघी मिळून एकीत झोपतात. सासूबाईंना विरलेली मिळते, कारण ‘तिला सवय आहे’. आणि शिवणारी सगळ्यात शेवटी, उसवलेल्या काठाची घेऊन दाराशी झोपते, कारण पहाटे तिलाच उठायचं असतं. हे एका घरचं गाऱ्हाणं नाही. मैत्रिणींनो, आज रात्री आपापल्या घरात कोण काय पांघरून झोपलं आहे ते एकदा दिवा लावून पाहा.

आमच्या सासूबाईंना माझं हे हिशोब मांडणं पटत नाही. त्या म्हणतात, ‘आमी तं जनमभर गोधड्या शिवल्या, कोनापाशी पैसे मांगतले काय वं?’ त्यांचं खरं आहे. त्यांनी मागितले नाहीत. त्यांनी आयुष्यात किती शिवल्या हे त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही, कारण मोजायची गरज आहे असं त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. सासऱ्यांनी किती एकर वखरली हे मात्र सगळ्या घराला पाठ आहे. मी सासूबाईंवर चिडत नाही. ज्या कामाला आयुष्यभर कुणी काम म्हटलं नाही त्याचे सून पैसे मागते, हे ऐकताना त्यांना आपलंच सगळं आयुष्य फुकट गेल्यासारखं वाटत असेल.

नोकरदार बायांशी मात्र मला वाद घालायचा आहे. दरमहा पगार घेणाऱ्या, महागाई भत्त्याचा थकबाकीसकट हिशोब ठेवणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं, ‘अगं, घरी बसूनच तर करायचं. फावल्या वेळात होऊन जाईल.’ फावला वेळ कुणाचा? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत दिसलं, की घरकाम करणाऱ्या बायांचे त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं, आणि असा हात घालणारे पुरुष चारांत जेमतेम एक. पाच तास घरकाम, त्यावर वेचणी, त्यावर गोधडी. यात फावला वेळ दाखवा, तो मी तुम्हाला फुकट शिवून देते. ‘घरी बसून’ या शब्दांतला बसण्याचा भाग तेवढा खरा आहे. चार-चार तास मांडी घालून, कमरेत वाकून बसावं लागतं, आणि गुडघे उठू देत नाहीत.

जानेवारीत आणखी एक मौज असते. ३ तारखेला सावित्रीबाईंची जयंती, १२ तारखेला जिजाऊंची. जिजाऊ आमच्या बुलडाणा जिल्ह्याच्या, सिंदखेड राजाच्या. जागोजागी व्याख्यानं होतात, बाईच्या श्रमांचा गौरव होतो आणि पाहुण्यांना शालीऐवजी गोधडी द्यायची नवी रीत निघाली आहे. अशा एका कार्यक्रमासाठी माझ्याकडे गोधडी मागायला आले. दर सांगितला तर म्हणाले, ‘मावशी, समाजाचं काम आहे.’ मांडववाल्याला, माइकवाल्याला त्यांनी समाजाचं काम म्हणून अर्धे पैसे दिले होते का, असं मी विचारलं. ते गेले, ते परत आले नाहीत.

आता सरकार. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने, मालकाने दिलेला माल घरी नेऊन काम करणाऱ्यालाही कामगार मानलं होतं. विडी कामगारांचा १९६६ चा कायदा घरी विड्या वळणाऱ्या बायांनाही लागू झाला. भंडारा-गोंदियाकडच्या विडी कामगार बाया त्यासाठी वर्षानुवर्षं लढल्या. त्यांच्यासमोर निदान ठेकेदार होता, कारखान्याचं नाव होतं. माझ्यासमोर कोण आहे? शेजारीण, शेजारणीची नणंद, स्टेशनाजवळचा दुकानदार. मालकच दिसत नाही, म्हणून कायद्याला मीही दिसत नाही. इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली ‘श्रमशक्ती’ हा अहवाल दिला आणि अशा न मोजलेल्या कामाकडे देशाचं लक्ष वेधलं. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी, म्हणजे घरात राहून मोलाचं काम करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या आली. २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी सुरू झाली, माझंही कार्ड आहे. कार्डावर माझा धंदा लिहिता येतो. त्या धंद्याचा दर मात्र कुठेच लिहिलेला नाही.

२०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली. हाताने काम करणाऱ्यांचे १८ धंदे तिच्यात धरले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, शिंपी, मासेमारीचं जाळं विणणारे, टोपल्या आणि झाडू करणारे. या सगळ्यांना मिळालं त्याचा मला आनंदच आहे. पण यादीत गोधडी शिवणारी नाही. सुई-दोरा तोच, शिंपी यादीत आहे आणि मी नाही. बँकेत कर्जासाठी गेले तेव्हा धंद्याचा पुरावा मागितला. मी गोधडी दाखवली. साहेब हसले.

कुणी म्हणेल, आता २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले, आणखी काय पाहिजे? ते पैसे ज्यांना मिळाले त्यांच्या घरात उपयोगी पडले, मी ते नाकारत नाही. पण ओवाळणी भाऊ देतो, त्याला वाटलं तर आणि त्याला वाटेल तेवढी. मजुरी मागता येते, न दिली तर भांडता येतं. मला बहीण म्हणू नका असं नाही. आधी कामगार म्हणा.

गोधडीला कलेचा मान मिळाला की सगळं सुरळीत होईल, असं काही शहरी ताईंना वाटतं. त्यांनी अमेरिकेतल्या अलाबामाची गोष्ट ऐकावी. तिथे जीज बेंड नावाची काळ्या लोकांची वस्ती आहे, गुलामांच्या वंशजांची. तिथल्या बाया आमच्यासारख्याच कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९६६ साली त्या भागातल्या बायांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांच्या गोधड्या भिंतीवर लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ साली त्यांच्यातल्या काही बायांना आपला वाटा मिळत नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. भिंतीवर लागूनही हिशोबाचा प्रश्न सुटला नाही. मग आमच्या गोधड्या शहरातल्या दुकानात ‘हातशिलाई’ची चिठ्ठी लावून कितीतरी पट किमतीला विकल्या जातात, तेव्हा आम्ही कशाचा अभिमान बाळगायचा?

आपल्याच जिल्ह्यातल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली आणि सगळे दोष बाईच्याच माथी का, असं भर समाजाला विचारलं. बुलडाण्याच्या बाईने त्या काळी एवढं विचारलं असेल, तर आज शेगावच्या बाईने गोधडीचा दर विचारायला काय हरकत आहे?

दर आम्ही विचारला नाही, सांगितला. यंदा आमच्या गल्लीतल्या पाचजणींनी ठरवलं, की साधी गोधडी १,२०० रुपयांच्या खाली शिवायची नाही. नऊ गिऱ्हाइकांपैकी चार निघून गेली. पाच जणांनी कुरकुर करून का होईना, पैसे दिले. मार्गशीर्षात आमच्यातल्या एकीने ७०० रुपयांत गोधडी घेतली. तिच्या मुलीच्या परीक्षेची फी भरायची होती आणि दोन दिवसांची मुदत होती. बाकीच्या दोघीतिघी चिडल्या. पण तिला बोल लावून काय होणार होतं? नडलेल्या बाईला कुणीही वाकवतं, आणि गिऱ्हाईक नड ओळखून असतं. म्हणून मग आम्ही दर महिन्याला शंभर-शंभर रुपये बाजूला टाकायला लागलो. नड आली की त्यातून घ्यायचं, पण दर सोडायचा नाही. पाचशे रुपयांनी जग बदलत नाही हे आम्हालाही कळतं. एका बाईची एक फी मात्र त्यातून भरता येते, आणि एका बाईचा दर टिकला की शेजारणीचाही टिकतो.

शेवटी मागण्या. त्या लांबलचक नाहीत. सरकारने गोधडी शिवणं हा धंदा म्हणून यादीत घ्यावा आणि त्याचा किमान दर तासावर बांधून द्यावा. बचत गटांच्या प्रदर्शनात गोधडी मांडणाऱ्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर तिला किती तास लागले तेही लिहावं. गोधडी विकत घेणाऱ्या बाईने घासाघीस करण्याआधी स्वतःच्या एका दिवसाचा पगार आठवावा. आणि गोधडीवर लेख लिहिणाऱ्यांनी आजी हयात असेल तर तिला जाऊन विचारावं, किती शिवल्यास, किती दिवस लागले, कुणी काय दिलं. तेही छापावं.

एक काम आपलं स्वतःचं आहे. २०२१ ची लांबलेली जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून घ्यायचं ठरलं आहे. आजवर मोजणारा दारात आला, की बाईच्या कामाचं उत्तर नवराच देत आला, ‘ती घरीच असते.’ जनगणनेत घरगुती उद्योग हा रकाना २००१ आणि २०११ सालीही होता. आपण त्यात बसत होतो, फक्त आपल्याला कुणी विचारलं नाही आणि आपण बोललो नाही. यापुढे कुणीही कागद घेऊन दारात आलं, तर हातातली सुई खाली ठेवून पुढे या आणि स्वतःच्या तोंडाने सांगा: मी गोधड्या शिवते, त्या विकते, वर्षातले इतके महिने हे काम करते. त्याने ते लिहून घेतलं की नाही, हे वाकून पाहा.